गेटबाहेर काय येतं?

कपाटातला एखादा ब्रँडेड टी-शर्ट उलटा करा आणि कॉलरच्या आतलं लेबल वाचा. त्यावर ‘मेड इन बांगलादेश’ असण्याची शक्यता बरीच आहे. त्या देशाच्या निर्यातीतल्या कमाईचा ८० टक्क्यांहून मोठा वाटा आज तयार कपड्यांचा आहे, आणि साधारण ४० लाख माणसं या कारखान्यांत काम करतात. पन्नासेक वर्षांपूर्वी मात्र तिथून परदेशात जाणारे कपडे नावापुरतेच होते. ताग आणि चहा हीच त्यांची ओळख. मग हे झालं कसं? ‘मजुरी स्वस्त आहे ना तिथे’ हे उत्तर लगेच सुचतं, पण ते अपुरं आहे. मजुरी तर आधीही स्वस्तच होती.

खरी गोष्ट एका परदेशी कंपनीपासून सुरू होते. सत्तरच्या दशकात कोरियातल्या कापड कंपन्या अडचणीत आल्या होत्या. कोणत्या देशातून किती कपडे घ्यायचे, यावर अमेरिका आणि युरोपनं १९७४पासून कोटा लावला होता आणि कोरियाचा कोटा भरत आला होता. बांगलादेशाला कोटाच नव्हता, कारण तिथे काही बनतच नव्हतं! तेव्हा कोरियाच्या देवू कंपनीनं हात मिळवला तो नुरुल कादर या माजी सनदी अधिकाऱ्याशी. कादर यांनी चितगावला ‘देश गारमेंट्स’ ही कंपनी काढली. मशिनं आणि बाजारपेठेची माहिती देवूची, कारखाना आणि माणसं देशची.

करारात एक कलम होतं, आणि माझ्या मते सगळी गंमत त्या कलमात आहे. कारखाना सुरू व्हायच्या आधी, १९७९मध्ये, देशनं आपली १३० माणसं कोरियात पुसानला पाठवली. देवूच्या चालत्या कारखान्यात ती सहाएक महिने राहिली. तिथे ती नुसतं शिवण शिकली नाहीत. कापड कसं मागवायचं, कटिंगला किती वाया जातं, लाइन कशी लावायची, दर्जा कुठे तपासायचा, परदेशी खरेदीदाराशी काय आणि कसं बोलायचं, बोट चुकली तर काय होतं, हे सगळं त्यांनी बघितलं. परत आल्यावर १९८०मध्ये उत्पादन सुरू झालं. पहिल्या वर्षी शर्ट निघाले ४३ हजार. १९८७ साली तोच आकडा २३ लाखांवर गेला होता. आणि दरम्यान, १९८१मध्येच, देशनं देवूबरोबरचा करार संपवून टाकला होता. आता आमचं आम्ही बघतो, असं म्हणून.

इथपर्यंतची गोष्ट एका कंपनीच्या यशाची आहे. खरा चमत्कार पुढे झाला. कोरियाहून शिकून आलेल्या १३० जणांपैकी ११५ जण १९८७पर्यंत देश सोडून गेले. म्हणजे कंपनी सोडून गेले, आपला देश नाही! कुणी स्वतःचा कारखाना काढला, कुणी दुसऱ्याच्या कारखान्यात मॅनेजर झाला. एचआरच्या भाषेत याला ‘अ‍ॅट्रिशन’ म्हणतात आणि ते वाढलं की मीटिंगा लागतात. बांगलादेशाच्या दृष्टीनं मात्र ही गळती म्हणजे बी उधळणं होतं. त्यातून शेकडो कारखाने उगवले. सरकारनंही साथ दिली. निर्यातीसाठीचं कापड जकात न भरता आणून गोदामात ठेवायची आणि हातातल्या ऑर्डरच्या जोरावर बँकेतून उधारी उचलायची सोय झाली. पण सोयी कितीही असल्या तरी कारखाना चालवायला जाणकार माणूस लागतो, आणि तो त्या ११५ जणांमुळे मिळाला.

विकसनशील देशात परदेशी कंपनी आली की तिथल्या कामगारांचं कौशल्य वाढतं का, या प्रश्नावर आपल्याकडे ठरलेली दोन भाषणं होतात. एक म्हणतं, कंपनी आली की तंत्रज्ञान येतं, तंत्रज्ञान आलं की पोरं शिकतात. दुसरं म्हणतं, ते लुटायला येतात, आपल्याला हमाल करून ठेवतात. मला दोन्ही आळशी वाटतात. बघायला हवं ते एकच: कंपनीच्या आत जे शिकलं जातं, ते कामगाराबरोबर गेटबाहेर येतं का? देशच्या १३० जणांबरोबर ते बाहेर आलं. सगळ्यांच्या बाबतीत येत नाही.

खुद्द बांगलादेशातच बघा ना. त्या १३० जणांनी अख्खा धंदा पाहिला. त्यांच्यानंतर आलेल्या लाखो मुली मात्र दिवसभर कॉलर जोडतात, नाहीतर बाही, नाहीतर नुसती बटणाची काजं. दहा वर्षं काजं करणाऱ्या बाईचा हात विजेसारखा चालतो, यात शंका नाही. पण पूर्ण शर्ट तिला एकटीला बेतता येईलच असं नाही. त्या धंद्यानं तिला स्वतःची कमाई दिली, घरात शब्दाला वजन दिलं, हे छोटं नाही. त्याच धंद्यात २४ एप्रिल २०१३ला ‘राना प्लाझा’ची इमारत कोसळली आणि ११००हून जास्त माणसं गेली. आदल्या दिवशी भिंतींना तडे दिसले होते, तरी सकाळी कामावर बोलावलं होतं. धोका कामगारांना दिसत होता. ‘आज आत जाणार नाही’ म्हणायची ताकद त्यांच्यापाशी नव्हती. नुसता हात चालून भागत नाही तो असा.

आता म्हणाल, बांगलादेशाचं एवढं पुराण कशाला? कारण तुमच्यातले कित्येक जण येत्या दोन-तीन वर्षांत चाकण, तळेगाव, रांजणगाव, वाळूज, बुटीबोरी किंवा हिंजवडीच्या एखाद्या गेटमधून आत जाणार आहेत. कंपनी जर्मन असेल, कोरियन असेल, जपानी, अमेरिकन असेल. घरी पेढे वाटले जातील. ‘कंपनीत लागला’ या दोन शब्दांची आपल्याकडची किंमत मी कमी लेखत नाही.

आणि आपल्याकडेही ‘देश’सारख्या गोष्टी घडल्या आहेत. १९५४मध्ये टेल्कोनं, म्हणजे आजच्या टाटा मोटर्सनं, जर्मनीच्या डेमलर-बेंझशी ट्रकसाठी १५ वर्षांचा करार केला. जमशेदपूरला बनणाऱ्या ट्रकच्या तोंडावर बेंझचा तारा असायचा. १९६९मध्ये करार संपला, तारा उतरला, त्या जागी ‘टी’ बसला आणि ट्रक निघतच राहिले. हे आपोआप घडलेलं नाही. करार चालू असतानाच, १९६६मध्ये, टेल्कोनं पुण्यात स्वतःचं संशोधन केंद्र काढलं होतं. पिंपरीच्या कारखान्यात ट्रक तयार व्हायला लागले १९७७मध्ये. त्याच्या कितीतरी आधी तिथे मशीन टूल आणि डाय बनवायचं काम आणि पोरांना शिकवायचं काम सुरू झालं होतं. सुमंत मूळगावकर यांचा आग्रह तसाच होता. ट्रक बनवायच्या आधी ट्रक बनवणारी मशिनं बनवा, आणि त्याच्याही आधी ती बनवणारी माणसं.

बजाजचंही साधारण तसंच. इटलीच्या पिआज्जिओबरोबरचा करार १९७१मध्ये संपला आणि १९७२मध्ये ‘चेतक’ आली. पुढे कावासाकीबरोबरची बरीच वर्षं झाली आणि २००१मध्ये ‘पल्सर’. आपल्या आधीच्या पिढीतला कुणी म्हणेल, ‘हो, पण त्या चेतकसाठी नंबर लावून वर्षानुवर्षं थांबावं लागायचं.’ बरोबर आहे. त्या लायसन्स राजचे गोडवे गायला मी बसलेलो नाही. ग्राहकाचे हाल होत होते. पण परदेशी कंपनीला तेव्हा इथे बहुतेक वेळा भागीदार घेऊनच यावं लागायचं, आणि करार कधीतरी संपणार हे दोघांनाही माहीत असायचं. शिकून घेण्याची घाई त्यातून यायची. परीक्षा जवळ आल्याशिवाय आपण तरी कुठे पुस्तक उघडतो?

१९८३मध्ये पहिली मारुती बाहेर पडली तेव्हाही हेच. सुझुकी सरकारची भागीदार होती आणि सुटे भाग हळूहळू इथेच बनवायचं बंधन होतं. मग पुरवठादार तयार करावे लागले. त्यांच्या कारखान्यात जाऊन जपानी पद्धती शिकवाव्या लागल्या. आज भोसरीच्या एखाद्या गल्लीत, आठ-दहा माणसांच्या वर्कशॉपमध्ये, तेलकट भिंतीवर ‘५ एस’चा बोर्ड दिसतो आणि मालक सहज ‘पोका योके’ म्हणतो, म्हणजे चूक होऊच नये अशी जुगाडाची रचना. तो जपानला गेलेला नाही. मोठ्या कंपनीला माल द्यायचा तर हे करावंच लागतं, म्हणून तो शिकला. मग त्याचा सेटर बाहेर पडला, कर्ज काढून दोन लेथ टाकले, आणि ते शब्द शेजारच्या गल्लीत गेले.

अर्थशास्त्रज्ञांनीही हे मोजून बघितलं आहे. ब्रायन एटकेन आणि अ‍ॅन हॅरिसन यांनी व्हेनेझुएलातल्या कारखान्यांवरचा अभ्यास १९९९मध्ये प्रसिद्ध केला. परदेशी कंपनी ज्या धंद्यात उतरली, त्याच धंद्यातल्या स्थानिक कंपन्यांना फायदा सोडाच, फटका बसल्याचं त्यांना दिसलं. २००४मध्ये बिआटा याव्होर्चिक यांनी लिथुआनियातल्या कंपन्यांचा अभ्यास मांडला. परदेशी कंपनीला माल पुरवणाऱ्या स्थानिकांची उत्पादकता तिथे वाढली होती. पण त्यातली बारीक गोष्ट अशी, की हा फायदा ज्या प्रकल्पांत स्थानिक भागीदार होता त्यांच्यामुळे दिसला. पूर्णपणे परदेशी मालकीच्या प्रकल्पांमुळे तो दिसला नाही. आपल्याकडे वाहन उद्योगात १०० टक्के परदेशी मालकीला दारं उघडून आता वीसेक वर्षं झाली. आपण भागीदाराची अट सोडली. तिच्या जागी दुसरं काय मागून घेतलं?

चाकणला सकाळच्या शिफ्टला बसमधून उतरणारी पोरं बघा. आयटीआय झालेली, डिप्लोमा झालेली, काही तर बी.ई. झालेली. त्यातली कितीतरी कंपनीच्या पगारपत्रकावर नसतात. कुणी ठेकेदाराकडून, कुणी ट्रेनी म्हणून, कुणी अ‍ॅप्रेंटिस. अ‍ॅप्रेंटिसचा कायदा १९६१चा. मुळात चांगला कायदा, कारण त्याची कल्पनाच अशी की पोरगं शिकायला आलंय, कामगार नाही. आणि नेमकी हीच पळवाट झाली. शिकायला आलाय म्हणून कामगाराचे हक्क नाहीत, आणि लाइन चालवायची आहे म्हणून शिकवायला वेळ नाही. २०१३मध्ये ‘नीम’ नावाची प्रशिक्षणाची योजना आली. तिच्या नावाखाली कित्येक कारखान्यांत ट्रेनी सरळ उत्पादनाला जुंपले गेले. तक्रारी झाल्या, शेवटी योजना गुंडाळली. पोरांच्या हातात राहिलं एक सर्टिफिकेट.

स्टेशनवर काय शिकायला मिळतं? लाइनचा ठेका ठरलेला असतो. समजा दीड मिनिटाला एक गाडी. त्या दीड मिनिटात चार बोल्ट, एक क्लिप, एक स्कॅन. तीन दिवसांत हात बसतो. त्यानंतरचे अकरा महिने हात आणखी बसतच जातो, डोक्याला मात्र काम नाही. वेल्डिंग रोबो करतो. पोरगं जॉब लावतं, बटण दाबतं, बाजूला होतं. रोबो अडला की लाल दिवा लागतो आणि मेंटेनन्सवाला येतो. त्याच्याही आवाक्याबाहेर गेलं तर मशीन बनवणाऱ्या कंपनीचा इंजिनीअर येतो, लॅपटॉप लावतो, काहीतरी करतो आणि जातो. प्रोग्रॅमला पासवर्ड असतो. तो पासवर्ड कुणाकुणाकडे आहे, यावरून त्या कारखान्यात कौशल्य कुठपर्यंत झिरपलंय हे मला तरी चटकन कळतं. पॅम्फ्लेटवर ‘वर्ल्ड क्लास टेक्नॉलॉजी’ लिहिलेलं असतं. असेलही. पण वर्ल्ड क्लास मशीनशेजारी उभं राहिल्यानं माणूस वर्ल्ड क्लास होत नाही, नाहीतर विमानात बसणारा प्रत्येक जण पायलट झाला असता.

कंपनी कायमची असते तोवर हे खपून जातं. पण कंपनी जाते. जनरल मोटर्सनं २०१७मध्ये भारतात गाड्या विकणं थांबवलं. तळेगावचा कारखाना निर्यातीसाठी चालू राहिला आणि डिसेंबर २०२०मध्ये तिथलंही उत्पादन थांबलं. कामगारांचा लढा कोर्टापर्यंत गेला. २०२३मध्ये ह्युंदाईनं तो कारखाना घ्यायचा करार केला. जमिनीला, शेडला, मशिनांना नवा मालक मिळाला. माणसाचं तसं नसतं. चाळिशीला आलेल्या माणसाला बारा-पंधरा वर्षांच्या अनुभवानंतर पुन्हा बायोडेटा लिहायला लावा. त्यात तो ‘अमुक कंपनीत अमुक वर्षं’ लिहितो. पुढचा विचारतो, ‘काय काय येतं?’ या प्रश्नाचं उत्तर कंपनीच्या नावात नसतं.

हिंजवडीवाल्यांनी हसू नये. एसीत बसून तीन वर्षं एकाच क्लायंटच्या एकाच जुन्या सिस्टिमची तिकिटं बंद करणारा आणि दीड मिनिटात चार बोल्ट लावणारा, यांच्यात पगाराचा फरक आहे, प्रकाराचा नाही.

कंपन्यांची बाजूही ऐका. ‘आम्ही खर्च करून शिकवायचं आणि पोरानं दोन हजार जास्त मिळाले की समोरच्या गेटमध्ये जायचं?’ ही तक्रार खोटी नाही. भोसरीतला छोटा मालक तर याहून वैतागलेला असतो. तो फिटरला हाताला धरून शिकवतो, आणि जरा तयार झाला की मोठी कंपनी घेऊन जाते, जास्त पगार आणि कँटीन देऊन. म्हणजे कौशल्य छोट्याकडून मोठ्याकडेही वाहतं, हे आपण विसरतो. यावर एक उपाय म्हणून लोक बाँड लिहून घेतात, तीन-तीन महिन्यांचा नोटीस पीरियड लावतात. माणसाला बांधून ठेवलं की ज्ञान सुरक्षित, असा हिशेब. बांगलादेशात तेव्हा त्या ११५ जणांना कुणी बाँडमध्ये अडकवलं असतं तर?

याहून शहाणा उपाय मलेशियातल्या पेनांगमध्ये झाला. तिथे सत्तरच्या दशकात इंटेलसारख्या चिप कंपन्या आल्या. सुरुवातीचं काम जुळणीचं, साध्या हातांचं. पुढे प्रगत मशिनं आली आणि शिकलेली माणसं कमी पडायला लागली, सगळे एकमेकांची पळवायला लागले. तेव्हा १९८९मध्ये तिथल्या राज्य सरकारनं आणि कंपन्यांनी मिळून एक कौशल्य केंद्र काढलं. एकमेकांचे स्पर्धक, पण मशिनं आणि शिकवणारे एका छताखाली. काय शिकवायचं हे कंपन्यांनी सांगायचं, आणि शिकलेला कुणाकडेही जायला मोकळा. कुणी शिकवलं आणि कुणी नेलं हे भांडणच बरंचसं कमी झालं.

आपल्याकडे अगदीच शून्य नाही. मर्सिडीज-बेंझनं पुण्याच्या शासकीय तंत्रनिकेतनाबरोबर मेकॅट्रॉनिक्सचा अभ्यासक्रम चालवला. संभाजीनगरचं इंडो-जर्मन टूल रूम तर डाय-मोल्डच्या धंद्यात पोरांना खरोखर हात देतं. तिथून निघालेल्या पोराला ‘काय येतं?’ विचारलं की तो बोलायचा थांबत नाही. पण ही बोटांवर मोजण्यासारखी नावं. गेटवरची गर्दी मोजली तर काहीच नाहीत.

म्हणून मला राग येतो तो सामंजस्य करारांच्या बातम्यांचा. इतके हजार कोटी, इतके हजार रोजगार, मंत्र्यांचा फोटो. राज्य सरकार मोठ्या उद्योगांना विजेच्या शुल्कात सूट देतं, मुद्रांक शुल्कात सूट देतं, जीएसटीतला राज्याचा वाटा परत करतं. तो पैसा आपला आहे. त्याच्या बदल्यात नोकऱ्यांचा आकडा मागतो, तसं आणखी दोन-चार आकडे का मागू नयेत? ट्रेनींपैकी किती जणांना एकाहून जास्त स्टेशनं शिकवली, किती ऑपरेटर मेंटेनन्सपर्यंत पोचले, स्थानिक पुरवठादारांकडून किती माल घेतला आणि त्यांच्याकडे कंपनीचे इंजिनीअर किती वेळा गेले. अशा अटी घातल्या तर कंपन्या पळून जातील, अशी भीती दाखवतात. देवू पळाली नव्हती. तिला कोट्याची गरज होती, तशी आजच्या कंपन्यांना आपल्या बाजारपेठेची आहे.

अटी येतील तेव्हा येतील. तोपर्यंत प्लेसमेंटच्या बोलण्यात शेवटी ‘एनी क्वेश्चन्स?’ विचारतात, तेव्हा हॉलमध्ये जी शांतता पसरते ती तरी मोडा. पॅकेजचा आकडा स्लाइडवर असतोच, तो परत विचारू नका. विचारा: पहिल्या वर्षी मी किती वेगवेगळ्या कामांवर असेन? मशीन बंद पडलं तर मला उघडून बघता येईल का, की बाजूला उभं राहायचं? माझ्याआधीच्या तीन बॅचमधले सोडून गेलेले लोक आज कुठे आहेत? हा शेवटचा प्रश्न ऐकून समोरचा जरा चपापेल. त्याला उत्तर माहीत असेल आणि तो ते अभिमानानं सांगत असेल, तर त्या कंपनीत जरूर जा.